कापलेली फ्रेम

“नागपुरात कुठे?” हा दोन शब्दांचा मेसेज येऊन चार दिवस झाले होते आणि माझा क्लायंट मिलिंद उत्तर देत नव्हता. मेसेज पर्थमधल्या एका मुलीचा होता. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता दोघांची कॉफी ठरली होती. मिलिंदने कालगुर्ली ते पर्थ विमानाचं तिकीटही काढलं होतं. आता सोमवार उजाडला होता. माझ्या धंद्यात चार दिवसांची शांतता म्हणजे जवळजवळ नकारच.

मी डेटिंग कोच आहे. वसईला गेले की हे मी कुणाला सांगत नाही, कारण पुढचा अर्धा तास खुलासे करण्यात जातो. इथे सांगते. सिडनीत, पॅरामॅटा स्टेशनजवळ आमचं चार माणसांचं ऑफिस आहे. ऑनलाइन डेटिंगमध्ये ज्यांचं गाडं अडतं ते आमच्याकडे येतात. आम्ही त्यांचे फोटो निवडतो, प्रोफाइल लिहून देतो, पहिले दोन-तीन मेसेज सुचवतो आणि पहिल्या भेटीचं प्लॅनिंग करतो. अ‍ॅप क्लायंटच्याच फोनवर असतं. तो स्क्रीनशॉट पाठवतो, आम्ही मसुदा पाठवतो. लग्न जमवणं हे आमचं काम नाही. पहिली कॉफी नीट पार पडली की आमची जबाबदारी संपते.

याआधी मी बारा वर्षं रिक्रूटमेंटमध्ये होते, लोकांचे सीव्ही दुरुस्त करायचे. काम फारसं बदललेलं नाही. सीव्हीत माणसं फुगवून लिहितात आणि डेटिंग प्रोफाइलमध्ये इतकं कमी लिहितात की हरवल्याची जाहिरात बरी.

दोघांनी एकमेकांचा फोटो पसंत केला की त्याला मॅच म्हणतात. मॅच झाल्यावर कुणीतरी पहिलं बोलावं लागतं. त्या पहिल्या वाक्याला आम्ही ओपनर म्हणतो. ‘हाय’ हा सगळ्यात वाईट ओपनर, ‘हाऊ आर यू’ त्याच्या खालोखाल. चांगला ओपनर असा की वाचणाऱ्याला विचार न करता एका ओळीत उत्तर देता यावं आणि द्यावंसंही वाटावं. माझ्या मराठी क्लायंटसाठी माझ्याकडे एक हमखास चालणारा ओपनर होता: “तू मूळची कुठली?” मराठी माणूस शिफ्टवर असो, ट्रेनमध्ये असो, गावाचं नाव काढलं की थांबून बोलतो. गेली पाच वर्षं मी हा प्रश्न डोळे मिटून वापरत होते. मिलिंदलाही मीच तो लिहून दिला होता.

पहिल्या भेटीचे आमचे नियम असे. दिवसाची वेळ. कॉफी, जेवण नाही. फार तर एक तास. जागा चार माणसांतली. प्रत्येकाने आपापलं यायचं, आपापलं जायचं. जेवणाला आम्ही नाही म्हणतो, कारण स्टार्टरलाच कंटाळा आला तर समोर अजून दोन कोर्स बाकी असतात.

मिलिंद पस्तिशीचा, नागपूरचा. कालगुर्लीत सोन्याच्या भूमिगत खाणीत व्हेंटिलेशन इंजिनिअर. खाली ब्लास्ट झाला की विषारी धूर साठतो. पंख्यांनी तो बाहेर काढायचा, हवा मोजायची आणि ती ठीक असल्याशिवाय एकाही माणसाला खाली जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. आठ दिवस ड्युटी, सहा दिवस सुट्टी. पहिल्याच कॉलवर तो मला ‘ताई’ म्हणाला आणि मी त्याला ‘तू’. त्याची तक्रार एका वाक्याची होती: वर्षभर अ‍ॅपवर आहे, मॅचेस येत नाहीत.

त्याची प्रोफाइल बघून मला कारण कळलं. म्हणजे कळलं असं मला वाटलं. चार फोटो होते. तीन हेल्मेट आणि गॉगलमधले, त्यात मिलिंद कोणता ते तोच जाणे. चौथा मात्र छान होता. नेव्ही ब्लू सूट, मोकळं हसू. फोटो पर्थच्या एका हॉलमधला, एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमाचा. मागे भिंतीवर मोठी फ्रेम: कोट, चष्मा, हातात ग्रंथ. हा फोटो कुणाचा, हे मराठी वाचकाला सांगायला नको. फ्रेमला हार होता, खाली टेबलावर मेणबत्त्या, बाजूला अर्धवट दिसणारा बॅनर.

आमचा नियम आहे, फोटोत चेहरा एके चेहरा. मागची गर्दी काढायची. मी फोटो खांद्यापासून वर कापला, मागचा भाग पुसट केला आणि मिलिंदला पाठवला. “बघ, आता तू दिसतोस.”

तासाभराने उत्तर आलं, “ओके ताई.”

तीन आठवड्यांत मॅचेस कितीतरी पटींनी वाढल्या. मी तो स्क्रीनशॉट आमच्या बॉसला, ट्रेसीला, नेऊन दाखवला. ट्रेसी म्हणाली, “ब्रिलियंट, मेट.” मलाही आपण ब्रिलियंट असल्यासारखं वाटलं.

त्या मॅचेसमध्ये अनघा होती. पुण्याची, पर्थमध्ये डेंटिस्ट. माझ्या ओपनरला तिने लगेच उत्तर दिलं, तोही ‘मी नागपूरचा’ म्हणाला. दोघांचं गाडीचं वेड निघालं, मग मिसळीवरून वाद झाला. मिलिंद मला विचारायचा बंद झाला आणि स्वतःच लिहू लागला. कोचसाठी हे फार चांगलं लक्षण. कॉफी ठरली तेव्हा त्याने मला एक एक्सेल शीट पाठवली. खाणीत कुठलंही काम सुरू करण्याआधी धोक्यांचा तक्ता भरतात, त्याच फॉर्मवर त्याने पहिली भेट बसवली होती. ‘धोका: बोलणं संपणं. उपाय: सहा प्रश्न तयार.’ ‘धोका: विमान लेट. उपाय: आदल्या दिवशी जाणे.’ ‘धोका: ती न येणे. उपाय: कॉफी पिऊन परत.’ मी हसले आणि एकच सूचना केली. तू खास तिच्यासाठी विमानाने येतोयस हे सांगू नकोस, तिच्यावर दडपण येईल. म्हण, मी तसाही पर्थमध्येच आहे.

आणि मग तिचा तो मेसेज आला. “नागपुरात कुठे?”

सोमवारी दुपारी मी त्याला फोन केला. सिडनीत चार वाजले होते, तिकडे दोन. तो नुकताच खालून वर आला होता.

“मिलिंद, चार दिवस झाले. एवढ्याशा प्रश्नाला काय अडलंय?”

“ताई, हा प्रश्न एवढासा नाही ना.”

“म्हणजे?”

“मी वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं तिला विचारावं लागणार नाही. विदर्भातली कुणी मैत्रीण असेल तर तिला विचारेल फक्त. तेवढं पुरतं.”

अ‍ॅपवर आडनाव दिसत नाही, फक्त पहिलं नाव दिसतं. माझ्या हमखास चालणाऱ्या ओपनरने आडनावाची वाट बरोबर शोधून काढली होती.

मग त्याने दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. मेलबर्नची एक मुलगी, क्रेगीबर्नला राहणारी. चार महिने बोलणं, दोन भेटी. तिने स्वतःहून फोटो घरी पाठवला. मिलिंदनेही आईला सांगितलं. आईने नागपुरात तिच्यासाठी साडी घेऊन ठेवली. मग मुलीच्या वडिलांनी पूर्ण नाव विचारलं. तीन दिवसांत सगळं संपलं.

“मला तेव्हाही फार नवल नाही वाटलं,” तो म्हणाला. “पण कपाटातल्या त्या साडीचं आईला कुणाला सांगता येत नव्हतं अन् ती परतही करता येत नव्हती. आता घरी काही सांगायच्या आधी मला समोरच्याचं कळायला हवं. एवढंच पाहिजे मला.”

“मग तू हे आधीच का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं ना. फोटोत.”

मला जे तेव्हाच समजायला हवं होतं ते आता समजलं. तो फोटो त्याने सूट छान दिसतो म्हणून लावला नव्हता. ज्याला काही अडचण आहे त्याने बघून पुढे जावं, ज्याला नाही त्याने थांबावं, म्हणून लावला होता. एक शब्दही न लिहिता त्याने ते काम फोटोकडून करून घेतलं होतं. मॅचेस कमी येत होत्या कारण फोटो आपलं काम चोख करत होता.

“मी कापला तेव्हा बोलला का नाहीस?”

“तुम्ही प्रोफेशनल आहात. अन् मराठी आहात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, अन् कळूनच कापलं. म्हणलं, मॅचेस हव्या असतील तर असंच करतात वाटतं.”

मला खरं कबूल करायला हवं. ती फ्रेम मी पाहिली होती. कुणाची आहे ते पहिल्या नजरेत ओळखलं होतं. कापताना मनात आमचा नियम होता, हे खरं. पण त्यासोबत ‘आता हे मध्ये कशाला’ असंही एक वाक्य मनात येऊन गेलं होतं, आणि ते इतक्या सहज आलं होतं की मला त्याचा आवाजही ऐकू आला नाही.

यात जास्त लाज वाटण्याचं कारण वेगळं होतं. मी वसईची, कॅथलिक. नाव शर्मिला, आडनाव पोर्तुगीज. या देशात नवी आले तेव्हा सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये एका मराठी कुटुंबाकडे खोली बघायला गेले होते. चहा झाला, गप्पा रंगल्या. मूळच्या कुठल्या? वसई. वसईत कुठे? मी गावाचं नाव सांगितलं. “अच्छा, म्हणजे तुम्ही… पण मराठी किती छान बोलता हो.” खोली त्या आठवड्यात दुसऱ्या कुणालातरी गेली. ‘कुठे’ या शब्दाचं वजन मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही तोच प्रश्न मी पाच वर्षं क्लायंटना ओपनर म्हणून वाटत होते.

मी ट्रेसीकडे गेले. ती मूळची ऑस्ट्रेलियन, या धंद्यात माझ्याहून जुनी, मनाने सरळ. तिला जात समजावायला मला दहा मिनिटं लागली.

“म्हणजे क्लाससारखं?”

“नाही. तो आपल्या दोघींपेक्षा जास्त कमावतो.”

“रिलिजन?”

“पूर्ण तेही नाही.”

“ओके. पण आपला रूल तर आहेच ना,” ती म्हणाली. “घटस्फोट, मुलं, आजारपण, हेवी स्टफ सगळं थर्ड डेटला. आधी माणूस आवडू दे. आवडला की लोक बाकीचं अ‍ॅडजस्ट करतात. त्याला सांग, नागपूर सेंट्रल म्हणून मोकळा हो.”

बॉसचा निरोप क्लायंटला पोचवणं माझं काम होतं. मी पोचवला. मिलिंदने तो शांतपणे ऐकून घेतला.

“ताई, मी रोज काय करतो? ब्लास्ट झाला की थांबतो. गॅस मोजतो. मग माणसं पाठवतो. तुमच्या मॅडम म्हणून राहिल्या, आधी माणसं पाठव, तिसऱ्या दिवशी मोजू.”

“त्यांना आपल्याकडचं माहीत नाही.”

“तुम्हाला माहीत आहे ना. तुम्ही काय म्हणता?”

मी म्हटलं, “मोज.”

उत्तराचा मसुदा करून देऊ का, असं मी विचारलं. तो म्हणाला, “नको ताई, हा मी लिहितो.” त्याने अनघाला न कापलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “उत्तर नागपुरात. माझा हा पूर्ण फोटो. प्रोफाइलवर अर्धा आहे, ते मला बरोबर वाटत नव्हतं.” मला स्क्रीनशॉट आला. मी त्यात एक शब्दही बदलला नसता.

अनघाचं उत्तर मंगळवारी दुपारी आलं. मोठं होतं आणि नम्र होतं. मिसळीवर मराठीत भांडणारी मुलगी अचानक इंग्रजीत लिहीत होती. त्याच्या प्रामाणिकपणाचं तिला कौतुक वाटलं होतं. तिला स्वतःला काहीच प्रॉब्लेम नव्हता. पण घरी आईबाबा त्या बाबतीत थोडे जुन्या वळणाचे होते आणि तिला मिलिंदचा वेळ वाया घालवायचा नव्हता. रिक्रूटमेंटमध्ये असताना नाकारलेल्या उमेदवारांना मी अशी पत्रं लिहायचे, त्यामुळे पहिल्या ओळीवरूनच शेवट ओळखता आला. मला तिचा राग आला. ती वाईट मुलगी नव्हती, म्हणून जास्त आला.

स्क्रीनशॉटखाली मिलिंदने लिहिलं होतं, “दोन आठवडे. मागच्या वेळी चार महिने लागले होते. आईला काही सांगितलं नव्हतं.”

तिकीट रद्द होत नव्हतं, म्हणून तो शनिवारी पर्थला गेलाच. इंडियन ग्रोसरीतून कढीपत्ता आणि पोहे घेतले, एका मित्राकडे जेवला आणि परतला. एक्सेल शीटमधला तिसरा धोका त्याने आधीच लिहून ठेवला होता, त्यामुळे उपायही तयार होता.

सोमवारी मी प्रोफाइलवर पूर्ण फोटो परत लावायला सांगितला. फ्रेम, हार, मेणबत्त्या, अर्धा बॅनर, सगळं. मॅचेस पहिल्या होत्या तिथे येऊन बसल्या. महिनाअखेरच्या रिव्ह्यूमध्ये ट्रेसीने माझा ग्राफ बघितला.

“कालगुर्लीचं काय झालं?”

“फोटो बदलला.”

“मग परत बदल.”

“नाही.”

“शर्मिला, या आकड्यांवर तो आपल्याला सोडून जाईल.”

“गेला तर जाऊ दे. तो फोटो मी कापणार नाही.”

ट्रेसीने वहीत काहीतरी लिहिलं. पाच वर्षांत मी तिला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. ती “नो वरीज” म्हणाली, पण ते ज्या सुरात म्हणाली तो वरीचाच होता.

पुढचे पाच आठवडे काही घडलं नाही. मग एका गुरुवारी मिलिंदचा स्क्रीनशॉट आला. नवी मॅच होती, पल्लवी, पर्थच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट. ओपनर तिनेच टाकला होता.

“फ्रेम डावीकडे वाकडी आहे. कार्यक्रम संपेपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही का?”

मी ते दोनदा वाचलं. मग फोटो मोठा करून बघितला. फ्रेम खरंच वाकडी होती. मी ती कापली होती, पुसट केली होती, परत लावायला सांगितली होती आणि एकदाही नीट बघितली नव्हती. इतका चांगला ओपनर मी अख्ख्या नोकरीत कुणाला लिहून दिलेला नाही.

“उत्तर सुचवू का?” मी विचारलं.

“दिलं ताई,” तो म्हणाला. “लिहिलं, फ्रेम सरळच आहे, फोटो काढणारा वाकडा होता. ती म्हणाली, मग पुढच्या जयंतीला फोटो मी काढते.”

भेट ठरवताना त्याने आमचे सगळे नियम एका दमात मोडले. तिला सरळ सांगितलं की मी फक्त तुला भेटायला कालगुर्लीहून विमानाने येतोय. तिने विचारलं, एवढ्या लांबून येऊन एका कॉफीवर भागणार आहे का? मग जेवण ठरलं. एका तासाचं बंधन नव्हतं. एक्सेल शीटही नव्हती, निदान मला तरी पाठवली नाही. शनिवारी संध्याकाळी एकच मेसेज आला: “साडेतीन तास. धोका आढळला नाही.”

दोन महिन्यांनी त्याने आमची मेंबरशिप बंद केली. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘नॉट रिक्वायर्ड’. ट्रेसीने ते यशस्वी केसेसमध्ये धरलं आणि ऑफिसात केक आणला. त्याच आठवड्यात मिलिंदने मला फोन करून सांगितलं, आईला कळवलंय. कपाटातली साडी मात्र आईने आधीच भाचीला देऊन टाकली होती. नवीन घेणार आहे, म्हणाला. ऐकून मला फार बरं वाटलं, आणि हे मी त्याला सांगितलंही.

माझ्या चेकलिस्टमध्ये आता एक ओळ वाढली आहे: फोटोतलं काही कापण्याआधी विचारावं, हे मागे का आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, तिथे कचऱ्याचा डबा होता, लक्षातच आलं नाही. मग मी निवांत कापते. मूळ गावाचा ओपनर मी बंद केला आहे. त्याच्याइतका चालणारा दुसरा अजून सापडलेला नाही, आणि ट्रेसी ते मला ग्राफवर दर महिन्याला दाखवते.

सवय मात्र अशी लगेच जात नाही. पल्लवीचा पहिला मेसेज आला त्या गुरुवारची गोष्ट. मिलिंदने “दिलं ताई” म्हणून सांगितलं, मी त्याला शाबासकी दिली आणि पुढे टाइप केलं, “बरं, मूळची कुठली आहे ती?” पाठवायला अंगठा ठेवला. मग एकेक अक्षर करून सगळं पुसलं.